मुंबईत परवडणारं 'ग्रीन' हॉटेल शोधताय? या चुका टाळा

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि माझं माहेरही तिथलंच. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे मांडून टँकरची वाट बघत बसतात. त्यामुळे मुंबईतल्या हॉटेलात नळ सोडला की ते पाणी कुठून आलंय, हे मला आठवतंच.

आमच्या संस्थेच्या प्रशिक्षणासाठी दरवर्षी विदर्भ-मराठवाड्यातून पंधरा-वीस जण मुंबईत येतात. त्यांच्या राहण्याची सोय माझ्याकडे असते. बजेट बेताचं असतं, पण हॉटेल पाणी, वीज आणि कचरा नीट सांभाळणारं असावं, असा माझा आग्रह असतो. या शोधात मी स्वतः केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका इथे सांगते.

हिरवं पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

'इको-फ्रेंडली', 'ग्रीन स्टे', 'निसर्गस्नेही' हे शब्द कुणीही वेबसाइटवर टाकू शकतं. बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये हॉटेलांच्या नावापुढे हिरव्या पानांची खूण द्यायला सुरुवात केली होती. हॉटेलांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवर ती मिळायची. यातून ग्राहकांची दिशाभूल होऊ शकते, असं नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाचं म्हणणं पडलं आणि मार्च २०२४ मध्ये ती योजना बंद झाली. आता तिथे त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र असलेली हॉटेलं वेगळी दाखवतात. फिल्टर लावताना तेच निवडा, आणि हॉटेलच्या पानावर खाली जाऊन प्रमाणपत्राचं नाव वाचा. नाव नसेल तर ते हॉटेल यादीतून वगळा.

बाथरूममधलं 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा' हे कार्डही पुरावा नाही. 'ग्रीनवॉशिंग' हा शब्दच अशा टॉवेलच्या कार्डावरून आला. जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ मध्ये तो वापरला होता.

इमारतीचं प्रमाणपत्र वेगळं, कारभाराचं वेगळं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि माझीही झाली. एका हॉटेलच्या लॉबीत 'लीड प्लॅटिनम' या इमारतीच्या मानांकनाची काचेची पाटी पाहून मी निर्धास्त झाले आणि सगळ्यांच्या रूम तिथेच घेतल्या. राहायला गेल्यावर कळलं की कॉरिडॉरमधला एसी रात्रभर १८ वर असतो, रोज प्रत्येक रूममध्ये पाण्याच्या चार प्लास्टिक बाटल्या ठेवतात आणि ओला-सुका कचरा एकाच काळ्या पिशवीत जातो. पाटी खोटी नव्हती. मीच ती चुकीची वाचली होती.

लीड हे अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं मानांकन. ४० गुणांपासून साधं प्रमाणपत्र मिळतं, ५० पासून सिल्व्हर, ६० पासून गोल्ड आणि ८० पासून प्लॅटिनम. पण नव्या बांधकामासाठीचं लीड हे इमारतीचा आराखडा आणि बांधणी बघतं: काचा कोणत्या, भिंती उष्णता किती अडवतात, नळ कमी पाणी सोडणारे आहेत का. ते एकदा मिळालं की त्याला मुदत नसते. दहा वर्षांनी तिथला व्यवस्थापक काय करतो, हे त्या पाटीवरून कळत नाही. चालू इमारतीच्या कारभारासाठी लीडचंच वेगळं प्रमाणपत्र आहे आणि ते ठरावीक वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. म्हणून पाटीवर तीन गोष्टी बघा: प्रमाणपत्र देणारी संस्था, वर्ष, आणि ते नव्या बांधकामाचं आहे की चालू इमारतीचं.

आपल्याकडे याच धर्तीवर इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं मानांकन आहे आणि ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या 'टेरी' संस्थेतून उभं राहिलेलं 'गृह' हे मानांकनही आहे. हॉटेलच्या रोजच्या व्यवहाराकडे बघणारं प्रमाणपत्र हवं असेल तर 'ग्रीन की' शोधा. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या योजनेत तपासनीस प्रत्यक्ष येऊन पाहणी करतात, आणि पाणी, वीज, कचरा, साफसफाईची रसायनं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असं सगळं तपासतात. मुंबईकरांना 'इकोटेल' हे पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलांच्या प्रमाणपत्राचं नाव विलेपार्ल्याच्या ऑर्किड हॉटेलमुळे माहीत असेल. विठ्ठल कामतांनी १९९७ मध्ये विमानतळाजवळ ते हॉटेल उभं केलं, तेव्हा आपल्याकडे या विषयाचा फारसा कुणी विचारही करत नव्हतं. ते पंचतारांकित आहे, आमच्या बजेटात बसत नाही. तरी मराठी माणसाने ही वाट इतक्या आधी दाखवली याचा मला अभिमान वाटतो.

'आम्ही आयएसओ १४००१ आहोत' असंही पुष्कळदा ऐकू येतं. त्याचा अर्थ पर्यावरणाच्या कामासाठी हॉटेलात एक ठरलेली व्यवस्था आहे, एवढाच. पाणी किती कमी वापरायचं याचा आकडा ते मानक घालून देत नाही.

कायद्याचं पालन म्हणजे पुण्य नाही

प्लास्टिकचे स्ट्रॉ आणि थर्माकोलच्या ताटल्या बंद केल्याचं एखादं हॉटेल मिरवत असेल, तर महाराष्ट्रात ही बंदी २०१८ पासून आहे आणि देशभर एकदा वापरून फेकायच्या अशा वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. कचरा वेगळा करणंही नियमानेच बंधनकारक आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दर बघताना कर विसरणं

२२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग रूमवर १८ टक्के. ७,४०० ची रूम करासह ७,७७० ला पडते. ७,६०० ची मात्र ८,९६८ ला. दिसायला फरक दोनशेचा, प्रत्यक्षात जवळपास बाराशेचा! त्यामुळे ७,५०० ही माझी पक्की रेषा आहे. अंधेरीकडच्या ऑफिसवाल्यांच्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दर अनेकदा उतरतात. तारखा हलवता येत असतील तर तिकडे आधी बघा.

स्वस्त म्हणून लांब जाणं

पनवेलला दोन हजार वाचवून रोज फोर्टपर्यंत टॅक्सीने गेलात, तर पैसेही गेले आणि धूरही वाढला. नकाशावर हॉटेलपासून स्टेशन किती मिनिटं चालत आहे, ते आधी बघा. आरे ते कफ परेड ही 'मेट्रो ३' मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मरोळ नाक्याजवळ राहून दक्षिण मुंबईतली कामं करणं फार सोपं झालंय. मरोळ नाक्याला मेट्रो १ सुद्धा मिळते.

फिल्टर लावला आणि एकही हॉटेल उरलं नाही, तर?

असं होतंच. अशा वेळी उलट्या बाजूने सुरुवात करा. ग्रीन की, लीड आणि इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल यांच्या वेबसाइटवर प्रमाणपत्र मिळालेल्यांच्या याद्या आहेत. आधी तिथून नावं काढा, मग दर बघा. बुकिंग साइटवर ज्यांच्या प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही, अशी हॉटेलंही तिथे सापडतात.

तरीही काही मिळालं नाही, तर प्रमाणपत्र नसलेल्या हॉटेलला वाईट समजू नका. तपासणीची फी आणि कागदपत्रांची उस्तवार दादरच्या वीस खोल्यांच्या लॉजला झेपत नाही. मी सरळ फोन करते आणि विचारते: "गरम पाणी सोलरचं आहे का? पिण्याच्या पाण्याचा फिल्टर मजल्यावर आहे का, बाटली भरून घेता येईल का? रूम बंद केल्यावर एसी आपोआप बंद होतो का? ओल्या कचऱ्याचं काय करता?" मोठ्या हॉटेलला आणखी एक प्रश्न असतो: सांडपाणी शुद्ध करून फ्लशला किंवा बागेला वापरता का? जिथे खरंच काम होतं, तिथला माणूस अडखळत नाही. "थांबा ताई, मेंटेनन्सवाल्यांना विचारून सांगतो" असं म्हणून ज्याने परत फोन केला, अशा एका लॉजमध्ये आम्ही तीन वर्षं जातोय.

त्या लॉजच्या बाथरूममध्ये बादली आणि मग आहे. मिनिटाला ९-१० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर सत्तर-ऐंशी लिटर पाणी जातं. बादलीची आंघोळ वीस लिटरात होते.

दावा खोटा निघाला तर

गप्प बसून परत येऊ नका. प्रमाणपत्राचा फोटो काढा, रिसेप्शनला मुदतीबद्दल विचारा आणि मिळालेलं उत्तर ईमेलवर मागा. मग प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे शब्द वापरणाऱ्याने त्यामागचा पुरावा दिला पाहिजे, असं त्यात सांगितलंय. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बुकिंगच्या वेळी साइटवर जो दावा लिहिला होता, त्याचा स्क्रीनशॉट मात्र त्याच दिवशी काढून ठेवा. तो मजकूर नंतर बदलू शकतो.