पोलिसांनी केलेल्या बळाच्या वापराच्या नोंदी कशा मागाव्यात

अटकेच्या वेळी किंवा कोठडीत मारहाण झाल्यावर अनेक जण माहिती अधिकारात संबंधित अधिकाऱ्याचे संपूर्ण सेवापुस्तक मागतात आणि सहसा नकार पदरात पडतो. कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती असून व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटले. त्यातच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारे कलम, आणखी कडक केले. म्हणून पहिला अर्ज अधिकाऱ्यावर नव्हे, तर मारहाणीच्या प्रसंगावर बेतावा, हे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. त्यामुळे शब्द मोजून वापरावेत. उदाहरणार्थ : “अमुक तारखेला रात्री ८ ते ११ या वेळेतील स्टेशन डायरीच्या नोंदी, अटक पंचनामा, अटक केलेल्या व्यक्तीचा वैद्यकीय तपासणी अहवाल आणि माझ्या तक्रारीवरील प्राथमिक चौकशीचा अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.” “मारहाण का केली?” असा प्रश्न अर्जात घालू नये, कारण माहिती अधिकारी उपलब्ध कागद देतो, खुलासा देत नाही.

सर्वांत जास्त घाई सीसीटीव्हीची करावी. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतील चित्रीकरण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवण्याचा आदेश दिला आहे. तरीही मुदतीवर विसंबून न राहता चित्रीकरण जतन करावे असे पत्र ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस आयुक्तांना) त्याच आठवड्यात द्यावे, आणि त्यावर आवक शिक्का घ्यावा.

वैद्यकीय अहवालाचेही तसेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ५३ नुसार अटक झालेल्या व्यक्तीच्या अंगावरील जखमा आणि त्या साधारण केव्हा झाल्या हे डॉक्टरने नोंदवायचे असते, आणि त्याची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिने नेमलेल्या माणसाला मिळते. हे कागद याच संहितेची कलमे ४३ आणि ४६ शेजारी ठेवून वाचावेत : अटकेला जोराने प्रतिकार झाल्यास आवश्यक ते उपाय योजता येतात, पण पळून जाणे रोखण्यापुरतेच बंधन घालता येते. डायरीत “झटापट” लिहिलेली असेल आणि जखमा पायांच्या तळव्यांवर असतील, तर ही विसंगती तक्रारीत अगदी वर मांडावी.

अधिकाऱ्याविरुद्धच्या पूर्वीच्या विभागीय चौकशीची माहिती हवीच असेल, तर वेगळा अर्ज करून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) चा (जनहित मोठे असल्यास माहिती देण्याची तरतूद) आधार घ्यावा आणि त्यातील जनहित नेमके लिहावे. खटला सुरू असल्यास वकिलामार्फत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयाकडूनच कागद मागवून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.

गंभीर दुखापत किंवा बेकायदा अटक असल्यास राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.