वळचणीचं पाणी दारात सोडू नका

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी ओसरीत बसून हे लिहितोय. चार दिवसांपासून झड लागली आहे, पऱ्हाटीत पाणी साचलंय, आणि यंदा अमेरिकेत मिनेसोटाला निघालेला शेजारचा पोरगा विचारत होता, "काका, तिकडं घर घ्याचं झालं तं पहिले काय पाहाव?" मी म्हटलं, ड्राइव्हवे. त्याला थट्टाच वाटली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्राइव्हवे म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतचा गाडीचा तुकडा. घर पाहायला जायचं तर भर पावसात, छत्री घेऊन जा. एजंट कुरकुर करील, करू द्या. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, गॅरेजच्या दाराशी डबकं होतं का, एवढं नीट पाहिलं तरी पुढचे चार हिवाळे सुखाचे जातात.

आपण "पाणी अडवा, पाणी जिरवा" ऐकत मोठे झालो. धुरा बांधायचा, शेततळं खोदायचं, थेंब जाऊ द्यायचा नाही. तिकडं घराभोवतीच्या दहा फुटांत हे विसरा. तिथं पाणी काढून द्यायचं, जिरवायचं ते लांब, हिरवळीवर. कारण थंडी. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठून भेग रुंदावतं, दुपारी वितळून आणखी खोल जातं. त्यापेक्षा वाईट म्हणजे गोठलेला थर खालचा ओलावा वर ओढतो, मातीत बर्फाचे पापुद्रे साचतात आणि जमीन वर उचलली जाते. दक्षिण मिनेसोटात घराचा पाया निदान 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच खाली न्यावा लागतो, तो यासाठीच.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. काळ्या मातीवर थेट फरशी टाकली की काय होतं ते गावात कोणालाही विचारा. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी डुलते. म्हणून आपण काळी माती काढून मुरूम भरतो, धुम्मस करतो. तिकडं तेच काम गिट्टी करते.

हे सगळं माहीत असून मी फसलो. तिकडं जुनं घर घेतलं, ड्राइव्हवेचा उतार गॅरेजकडं. कंत्राटदारानं खालचं काही न उकरता जुन्यावरच नवं डांबर ओतलं. काळंभोर, गुळगुळीत; मी फोटो काढून गावी पाठवले. दोन वर्षांत मधोमध उंटाची पाठ तयार झाली. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गॅरेजच्या दाराचं रबर जमिनीला असं चिकटलं की दार उघडेना. मी शहाण्यानं गरम पाणी ओतलं. संध्याकाळी त्याच पाण्याची काच झाली होती.

दोष डांबरात नव्हताच. छताच्या पन्हाळीचा उभा पाइप बरोबर ड्राइव्हवेच्या कोपऱ्यात रिकामा होत होता. (तिकडं पन्हाळीला गटर म्हणतात. गटर साफ करायचं म्हटल्यावर नाक मुरडू नका, त्यात फक्त पानं असतात.) त्या पाइपाला सहा फुटांची जोड लावून पाणी हिरवळीकडं वळवलं आणि निम्मं दुखणं तिथंच गेलं. खर्च दोन पिझ्झ्यांएवढा. म्हणून आधी वरचं पाणी वळवा, मग जमिनीला हात लावा.

ड्राइव्हवेचा उतार घरापासून दूर हवा, मोजायला दोरी आणि लेव्हल पुरते: दर फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटांत अडीच इंच. घरालगतची माती याहून उतरती हवी, दहा फुटांत सहा इंच. उतार गॅरेजकडंच असेल आणि बदलता येत नसेल तर दारासमोर आडवी जाळीची नाली बसवून घ्या. पण तिचं पाणी कुठं सोडणार ते आधी ठरवा. फुटपाथवर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत सोडलं तर तिथं बर्फ साचतो, कोणी घसरलं की तुमच्या नावानं शंख. बाजूनं पाझर येत असेल तर चर खणून माती अडवणारं कापड, धुतलेली गिट्टी आणि छिद्रांचा पाइप. छिद्रं खाली.

कुदळ मारण्याआधी 811 ला फोन करा, निदान दोन कामाचे दिवस आधी. माणसं येऊन गॅस आणि विजेच्या लाइनींवर रंगाच्या खुणा करून जातात, फुकट. आपल्याकडं लाइनमनला शोधावं लागतं, हे मला अजून नवल वाटतं.

भेगा सप्टेंबरातच भरा. कोरड्या आणि उबदार दिवशीच मसाला धरतो. साधं मीठ उणे 9 अंशांच्या खाली फारसं चालत नाही, आणि जानेवारीत पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. तेव्हा वाळू टाका. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको.

फावड्यानं बर्फ काढाल तो उताराच्या खालच्या बाजूला टाका. वरच्या बाजूला ढीग केला तर दुपारी तोच वितळून पुन्हा ड्राइव्हवेवर येतो आणि रात्री आरसा होतो. रस्त्याकडेला चर असेल तर ड्राइव्हवेखालून मोठा पाइप गेलेला असतो. मार्च लागला की पहिलं काम त्याचं तोंड मोकळं करायचं. बर्फाखाली ते सापडत नाही, म्हणून ऑक्टोबरातच तिथं लाल फडकं बांधलेली काठी रोवून ठेवा.