वाय-फायचा पासवर्ड विसरलात? राउटर रीसेट करण्याआधी हे वाचा

घरातला एखादा तरी फोन किंवा लॅपटॉप त्या वाय-फायला अजून जोडलेला असेल, तर पासवर्ड हरवलेला नाही. तो त्या उपकरणातच साठवलेला आहे आणि दोन मिनिटांत वाचता येतो. तरीही कुणाला विचारलं की पहिला सल्ला मिळतो, ‘राउटर रीसेट कर.’ हा सल्ला इतक्यात ऐकू नका, का ते पुढे येईलच. ‘वाय-फायचा पासवर्ड दाखवणारी’ अ‍ॅप्सही घेऊ नका. रूट न केलेल्या, म्हणजे मूळ सिस्टिमवरचे निर्बंध न काढलेल्या, अँड्रॉइड फोनमध्ये कुठल्याही साध्या अ‍ॅपला साठवलेले पासवर्ड वाचताच येत नाहीत. त्यातली काही अ‍ॅप्स तर उलट तुमचाच पासवर्ड मागून घेतात आणि इतरांना वाटतात.

जोडलेल्या फोनवरून

आयफोनमध्ये आयओएस १६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर सेटिंग्ज, वाय-फाय, मग नेटवर्कच्या नावापुढचं ‘आय’ चिन्ह. तिथे पासवर्डच्या ठिपक्यांवर टॅप करा, चेहरा किंवा पासकोड द्या, झालं.

अँड्रॉइड १० पासून पुढे वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर जा आणि ‘शेअर’ दाबा. फोनचं लॉक उघडलं की क्यूआर कोड येतो. बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. काही फोन नुसता कोड दाखवतात. दुसरा फोन जोडायचा असेल तर त्याच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन केला की काम झालं, पासवर्ड वाचायची गरजच नाही. अक्षरंच हवी असतील तर कोडचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोनमधल्याच गूगल लेन्सने उघडा. मजकूर कच्चा दिसला तर ‘पी’ आणि कोलन यांच्यानंतरचा, उलटा स्लॅश नसलेल्या पुढच्या अर्धविरामापर्यंतचा भाग म्हणजे पासवर्ड. त्यात कोलन, स्वल्पविराम, अर्धविराम यांच्या आधी उलटा स्लॅश दिसला तर तो पासवर्डचा भाग नसतो, टाइप करताना तो गाळा. हा स्क्रीनशॉट कोड वाचून देणाऱ्या कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवू नका आणि काम झाल्यावर गॅलरीतून काढून टाका.

संगणकावरून

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’, तुमचं नेटवर्क, आणि शेवटी ‘व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की’. हा पर्याय दिसत नसेल किंवा विंडोज १० असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये जा, वाय-फायच्या नावावर क्लिक करा, ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, आणि ‘शो कॅरेक्टर्स’वर खूण. ही खूण करताना विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर ही वाट बहुधा बंद असते.

मॅकवर व्हेंचुरा किंवा त्यापुढे: सिस्टिम सेटिंग्ज, वाय-फाय, नेटवर्कपुढचे तीन ठिपके, ‘कॉपी पासवर्ड’. जुन्या मॅकवर ‘कीचेन अ‍ॅक्सेस’मध्ये नेटवर्कचं नाव शोधा आणि ‘शो पासवर्ड’ करा.

एकही उपकरण जोडलेलं नसेल तर

आधी राउटर उलटा करून खालचं स्टिकर पाहा. ‘वायरलेस की’ किंवा ‘डब्ल्यूपीए की’ असं लिहिलेलं असेल आणि पासवर्ड कधी बदललेला नसेल, तर तोच चालेल.

नाही चालला तर राउटरच्या स्वतःच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या त्याच्या सेटिंगच्या पानावर जावं लागेल. बहुतेक जण अडकतात ते इथेच, कारण इथे दोन वेगळे पासवर्ड असतात. एक वाय-फायचा, जो तुम्ही शोधताय. दुसरा राउटरच्या पानावर लॉगिन करण्याचा. हे पान जो पासवर्ड मागतं तो दुसरा. तिथे वाय-फायचे आठवतील तेवढे पासवर्ड टाकत बसलात तर काही चुकीच्या प्रयत्नांनंतर अनेक राउटर लॉगिन थोडा वेळ बंद करतात.

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. केबलला वाय-फायचा पासवर्ड लागत नाही, ही गोष्ट हमखास विसरली जाते. केबल ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात घाला, ‘वॅन’मध्ये नव्हे, ते बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या तारेसाठी असतं. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं अ‍ॅप, चालू असेल तर बंद करा. आता राउटरचा पत्ता हवा. ‘१९२.१६८.१.१ टाका’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तो प्रत्येक राउटरचा पत्ता नसतो. १९२.१६८.०.१ हाही तितकाच सर्रास आढळतो आणि याहून वेगळेही असतात. अंदाज करू नका. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत द्या आणि ‘डीफॉल्ट गेटवे’पुढचा आकडा घ्या.

तो आकडा ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका, सर्च इंजिनच्या चौकटीत नको. पान सुरक्षित नसल्याचा इशारा आला तर घाबरू नका. राउटर आपलं प्रमाणपत्र स्वतःच बनवतो, म्हणून ब्राउझर कुरकुरतो. आत्ताच पाहिलेल्या गेटवेच्या पत्त्यापुरताच हा इशारा ओलांडा, इतर कुठल्याही साइटवर नाही.

लॉगिनचं नाव आणि पासवर्डही त्याच स्टिकरवर शोधा, ते वाय-फायच्या ओळीपासून वेगळे छापलेले असतात. राउटर इंटरनेट कंपनीने बसवला असेल आणि स्टिकरवरचं चालत नसेल, तर कंपनीला फोन करा. अनेकदा ते त्यांच्याकडूनच वाय-फायचा पासवर्ड बदलून देतात आणि लॉगिनची गरजच उरत नाही.

आत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ आणि त्यातलं ‘सिक्युरिटी’. पासवर्डच्या चौकटीला ‘प्री-शेअर्ड की’, ‘पासफ्रेज’ किंवा ‘डब्ल्यूपीए की’ असं नाव असतं. शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पानं वेगळी असतील तर दोन्ही पाहा, त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या पानावर नुसतं बघायला आला असाल तर ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबू नका. ब्राउझरने राउटरचा लॉगिन पासवर्ड साठवलेला असेल, तर तो वाय-फायच्या चौकटीतही आपोआप भरला जाऊ शकतो. दिसतात दोन्हीकडे ठिपकेच. तसंच सेव्ह केलंत की वाय-फायचा पासवर्ड बदलतो, घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि नेमकं काय झालं ते कळतही नाही. डोळ्याच्या चिन्हामागे लॉगिनचाच पासवर्ड दिसला तर ओळखा की तो ब्राउझरने भरलाय. खासगी विंडोत पान पुन्हा उघडा. डोळ्याचं चिन्हच नसेल तर ठिपके उलगडण्यात वेळ घालवू नका, सरळ नवा पासवर्ड ठरवून टाका.

सापडलेला पासवर्ड चालत नसेल तर

अक्षरं मोजा. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असतो, त्याहून कमी भरली तर काहीतरी सुटलंय. मग शून्य आणि कॅपिटल ओ, एक आणि स्मॉल एल तपासा. कॉपी-पेस्ट केला असेल तर शेवटी रिकामी जागा चिकटली आहे का, तेही बघा.

रीसेट, सगळं थकल्यावर

रीसेटचं बारीक बटण साधारण १० सेकंद दाबून धरलं की राउटरमधलं सगळं पुसलं जातं. त्यात इंटरनेट कंपनीने दिलेलं जोडणीचं लॉगिन नाव आणि पासवर्ड (याला पीपीपीओई म्हणतात), आणि असल्यास व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात तुमची जोडणी ओळखणारा क्रमांकही जातो. मग वाय-फाय दिसतं, जोडलंही जातं, पण इंटरनेट येत नाही. फायबरची तार थेट ज्यात येते त्या पेटीबाबत तर हा धोका पत्करूच नका. हे तपशील कंपनीकडून मिळवून कागदावर लिहून घ्या, मगच बटणाला हात लावा.

रीसेटनंतर वाय-फायचं नाव पूर्वीचंच ठेवा, कॅपिटल-स्मॉलसकट. पासवर्ड नवा असल्यामुळे प्रत्येक उपकरणात तो एकदा टाकावा लागेल. एखादं उपकरण जुन्याच पासवर्डवर अडून बसलं, तर त्यात ते नेटवर्क आधी ‘फर्गेट’ करा, म्हणजे साठवलेल्या यादीतून काढा, आणि मग पुन्हा जोडा.