जुन्या सिसॉप्स नोट्सवर नवी क्लाउडऑप्स परीक्षा देताय? आधी ही तयारी करा

अभ्यासाला बसण्याआधी हातातलं साहित्य कोणत्या परीक्षेचं आहे ते तपासा. एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची) सिसॉप्स अॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट, म्हणजे एसओए-सी०२, ही परीक्षा २९ सप्टेंबर २०२५ पर्यंतच देता येत होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी क्लाउडऑप्स इंजिनिअर असोसिएट, एसओए-सी०३, आली. नागपुरात मिहान असो की आयटी पार्क, सीनियरकडून जुनी पीडीएफ सहज मिळते. ती टाकून देऊ नका, बराचसा पाया तोच आहे. पण ईसीएस, ईकेएस (कंटेनर चालवणाऱ्या सेवा) आणि ईसीआर (कंटेनरच्या इमेज साठवणारी सेवा) हा कंटेनरचा, म्हणजे अॅप्लिकेशन त्याच्या गरजांसकट एकत्र बांधून चालवण्याचा, भाग तिच्यात सापडणार नाही आणि अनेक अकाउंट, अनेक रीजन (डेटा सेंटरचे भौगोलिक विभाग) सांभाळण्यावरचा नवा भरही दिसणार नाही. प्रत्यक्ष लॅब सोडवायच्या आहेत असं त्यात लिहिलेलं असेल तर ते साहित्य आणखी जुनं समजा, कारण लॅब २०२३ मध्येच काढून टाकल्या.

गुणांचं वजन पाहून वेळ वाटा. मॉनिटरिंग व परफॉर्मन्स, रिलायबिलिटी, आणि डिप्लॉयमेंट व ऑटोमेशन यांना प्रत्येकी २२ टक्के, नेटवर्किंगला १८, सिक्युरिटीला १६. प्रश्न ६५, वेळ १३० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटं. १००० पैकी ७२० ला पास. १५ प्रश्नांचे गुण धरले जात नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

सरावासाठी स्वतःचं अकाउंट उघडा आणि पहिल्याच दिवशी दोन कामं उरका: रूट युजरला (अकाउंटच्या मुख्य लॉगिनला) एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी ओळख पडताळणी, आणि छोट्या रकमेचा बजेट अलर्ट. नॅट गेटवे (प्रायव्हेट नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाण्याचा रस्ता), पब्लिक आयपी आणि ईकेएसचा कंट्रोल प्लेन (क्लस्टर सांभाळणारा भाग) तासाच्या हिशेबाने पैसे खातात. एकट्या ईकेएसचे तासाला ०.१० डॉलर, म्हणजे विसरलात तर महिन्याला साधारण ७२ डॉलर. सराव झाला की स्टॅक (सरावासाठी उभं केलेलं सगळं) त्याच संध्याकाळी डिलीट करा.

आता खरा अभ्यास. ही परीक्षा व्याख्या विचारत नाही. काहीतरी बंद पडलंय, आधी कुठे बघाल, हे विचारते. म्हणून प्रत्येक सेवा चालू करून मुद्दाम बिघडवा. ईसी२ ची (भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनची) मेमरी आणि डिस्क किती भरली हे क्लाउडवॉच (मॉनिटरिंगची सेवा) आपोआप दाखवत नाही, मशीनवर तिचा एजंट, म्हणजे छोटा प्रोग्राम, टाकावाच लागतो. बेसिक मॉनिटरिंगमध्ये आकडे ५ मिनिटांनी येतात, डिटेल्डमध्ये १ मिनिटाने. मेट्रिक फिल्टर (लॉगमधून आकडे काढणारा नियम) आधीच्या लॉगला लागू होत नाही, तो बनवल्यानंतरच्याच नोंदी मोजतो. सिस्टिम स्टेटस चेक फेल झाला तर दोष खालच्या हार्डवेअरकडे, तेव्हा ईबीएसवरचं (टिकणाऱ्या नेटवर्क डिस्कवरचं) मशीन स्टॉप करून स्टार्ट करा, ते दुसऱ्या होस्टवर जातं. इन्स्टन्स चेक फेल झाला तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शोधा. मशीन सिस्टिम्स मॅनेजरमध्ये (एसएसएम, मशीन दुरून सांभाळण्याची सेवा) दिसत नसेल तर तीन गोष्टी क्रमाने बघा: एजंट चालू आहे का, आयएएम रोल (परवानग्यांचा संच) जोडलाय का, एसएसएमच्या एंडपॉइंटपर्यंत (सेवेच्या नेटवर्क पत्त्यापर्यंत) रस्ता आहे का.

कंटेनरवर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रायव्हेट सबनेटमध्ये (इंटरनेटला थेट न जोडलेल्या नेटवर्कच्या भागात) नॅट न ठेवता एक ईसीएस फारगेट टास्क (स्वतः सर्व्हर न सांभाळता चालणारा कंटेनर) चालवून बघा. इमेज ओढताच येणार नाही. ईसीआरचे एपीआय आणि डीकेआर असे दोन्ही एंडपॉइंट टाकूनही ती अडकेल, कारण इमेजचे लेयर एस३ मध्ये (फाइल साठवण्याच्या सेवेत) असतात. तिथे एस३ चा गेटवे एंडपॉइंटही हवा. लॉग क्लाउडवॉचला पाठवत असाल तर त्याचा एंडपॉइंट वेगळा. एवढं एकदा हाताने केलं की नेटवर्किंगचे निम्मे प्रश्न ओळखीचे वाटतात. तिथेच टास्क रोल आणि एक्झिक्यूशन रोल यांतला फरक पक्का करा. इमेज ओढण्याची परवानगी एक्झिक्यूशन रोलला, आतल्या अॅप्लिकेशनची परवानगी टास्क रोलला.

बाकीचं पटापट: नेटवर्क एसीएल (सबनेटचा फायरवॉल) स्टेटलेस असतो, आलेली विनंती लक्षात ठेवत नाही, म्हणून परतीचे १०२४ ते ६५५३५ पोर्ट उघडावे लागतात. सबनेटमधले ५ आयपी वापरता येत नाहीत, म्हणून /२८ मध्ये ११ च उरतात. क्लाउडफ्रंटला (कंटेंट जगभर पोहोचवणाऱ्या सेवेला) लावायचं एसीएम, म्हणजे एचटीटीपीएसचं, सर्टिफिकेट मुंबईत नाही, नॉर्थ व्हर्जिनियात हवं. आरडीएसचे (डेटाबेस सेवेचे) ऑटोमेटेड बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. क्लाउडफॉर्मेशनमध्ये (टेम्प्लेटवरून सेटअप उभारणाऱ्या सेवेत) चेंज सेट (बदल आधी पाहणं), ड्रिफ्ट (टेम्प्लेटबाहेर झालेले बदल शोधणं) आणि अर्धवट अडकलेला रोलबॅक पुढे नेणं, हे तिन्ही करून बघा.

बुकिंगकडे वळताना एक गोष्ट आधी करा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं जादा मिळतात, पण ती सोय बुकिंगच्या आधी मागावी लागते, नंतर नाही. फी १५० डॉलर, कर वेगळा. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळू द्या.

घरून द्यायची की सेंटरवर? मे महिन्यात नागपुरात देणार असाल तर सेंटरच घ्या. घरी कूलर बंद करून दोन तास बसवत नाही, चालू ठेवला तर खोलीत आवाज, आणि दुपारी लाइट गेली की राउटरही बंद. घरूनच द्यायची असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या, सिस्टिम टेस्ट त्याच लॅपटॉपवर, त्याच वायफायवर करा. ऑफिसचा लॅपटॉप टाळा, व्हीपीएन आणि फायरवॉल अडवतात. चेक-इन ३० मिनिटं आधी सुरू होतं. नापास झालात तर १४ दिवस थांबून पूर्ण फी पुन्हा भरावी लागते, तेव्हा कंपनीने पास होण्यासाठी मुदत दिली असेल तर तिच्या निदान तीन आठवडे आधीची तारीख घ्या.