हलकी स्पोर्ट्स कार आणि मसल कार: चालवून फरक कसा ओळखायचा

हलकी स्पोर्ट्स कार आणि मसल कार, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची जड गाडी, या दोन जातींच्या गाड्यांची तुलना बहुतेक वेळा शून्य ते शंभरच्या आकड्यावर येऊन थांबते. माझदा एमएक्स-५ च्या २.० लिटर इंजिनाला २०१९ च्या मॉडेलपासून अमेरिकेत १८१ हॉर्सपॉवर आहे आणि गाडीचं वजन १,०६० किलोच्या आसपास. फोर्ड मस्टँग जीटीचं ५.० लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन २०१८ च्या मॉडेलपासून ४६० हॉर्सपॉवर देऊ लागलं, आणि गाडी पावणेदोन टनांच्या जवळ. सरळ रस्त्यावर पुढे कोण जाणार, हे सांगायला गाडीत बसायचीसुद्धा गरज नाही. बसायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. टायर रस्त्याशी काय करतोय याची बातमी चालवणाऱ्याला किती लवकर मिळते आणि अंगात कुठून शिरते, ते बघायला. हलक्या गाडीत ती मनगटांतून येते. मसल कारमध्ये उजव्या पायातून आणि कमरेखालून. मसल कारमध्ये ती मनगटांत शोधत बसलात तर गाडी मुकी वाटेल, आणि हलकी गाडी नुसत्या उजव्या पायाने जोखलीत तर तिच्यात दम नाही असं म्हणून मोकळे व्हाल. दोन्ही निकाल चूक.

आधी टायर, मग बाकीचं

तुलना सगळ्यात जास्त कोण बिघडवत असेल तर टायर. एका गाडीला मऊ रबराचे परफॉर्मन्स टायर आणि दुसरीला लांब टिकणारे टणक टायर असतील, तर तुम्ही गाड्यांची नाही, रबराची परीक्षा घेताय. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांहून जुना टायर असेल तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, रबर कडक झालेलं असतं. त्याच्यावर गाडीची परीक्षा करू नका.

हवा गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर लावलेल्या स्टिकरप्रमाणे भरा, आणि दोन्ही गाड्यांना एकच गेज वापरा. गाडी पळाली की तीच हवा ४-५ पीएसआयने वाढते. वाढलेला आकडा बघून हवा सोडायची नाही, स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. हलक्या गाडीत २-३ पीएसआयचा फरकसुद्धा स्टिअरिंगला कळतो, कारण टायरवर गाडीचा भारच कमी असतो.

शेजारच्या सीटवरच्या माणसाचाही हिशेब ठेवा. ७५ किलोचा माणूस म्हणजे १,०५० किलोच्या गाडीत ७ टक्के जादा वजन, १,७५० किलोच्या गाडीत जेमतेम ४. दोन्ही गाड्या एकट्याने चालवा, किंवा दोन्हींत तोच माणूस बसवा. टाकी दोन्हींची अर्धी असली की झालं.

बसायची पद्धत आणि क्रम

पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पडलं पाहिजे, आणि क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. एमएक्स-५ च्या २०१९ आधीच्या मॉडेलांत स्टिअरिंग पुढेमागे होत नाही, त्यामुळे लांब पायांच्या माणसाला तडजोड करावी लागते. मसल कारमध्ये अडचण उलटी: लांब बॉनेट, जाड खांब, उंच काचेची कड. सहाव्या पिढीच्या शेव्हरले कॅमॅरोत तर बाहेरचं फारच थोडं दिसतं. बॉनेटची पुढची कड दिसेपर्यंत सीट वर घ्या. खाली रुतून बसणं रुबाबदार दिसतं खरं, पण गाडीचा कोपरा कुठे संपतो हे कळत नाही, आणि मग दोष स्टिअरिंगच्या माथी जातो.

क्रम असा ठेवा: हलकी, मग जड, मग पुन्हा हलकी. प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं. हातांना एका गाडीची सवय पाच मिनिटांत लागते आणि नंतरची गाडी उगाच विचित्र वाटते. तिसऱ्या फेरीत हा सवयीचा भाग किती होता ते उघड होतं. पहिली दहा मिनिटं काहीच ठरवू नका. टायर, गिअरबॉक्समधलं तेल आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) थंड असतात. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर अडकत पडतो, यावरून शिफ्टिंग वाईट ठरवणारे पुष्कळ भेटतात.

दोन्ही गाड्या आधी साध्या मोडमध्येच चालवा. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत स्पोर्ट मोड लावला की मोटरची मदत कमी होऊन स्टिअरिंग जड होतं. जडपणा आणि बातमी या दोन वेगळ्या गोष्टी. खरी परीक्षा अशी: एकसारख्या वळणावर वेग हळूहळू वाढवत न्या. स्टिअरिंगवरचा जोर वळणाच्या ताणाबरोबर वाढला पाहिजे आणि पुढचे टायर घसरू लागण्याच्या जरा आधी तो हलका झाला पाहिजे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड राहिला, तर जड आहे, पण सांगत काही नाही. १९९६ ची लोटस एलिस या बाबतीत अजूनही मोजपट्टी आहे. तिच्या स्टिअरिंगला पॉवरची मदतच नव्हती, आणि सव्वासातशे किलोच्या त्या गाडीला ती लागतही नव्हती.

मोकळ्या मैदानातले दोन प्रयोग

हे प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर करायचे नाहीत. बंद, सपाट, डांबरी किंवा काँक्रीटची जागा हवी आणि चहूबाजूंनी किमान ३० मीटर मोकळं. स्थिरता नियंत्रण (घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा.

पहिला, शंकूंमधून नागमोडी. सहा शंकू, प्रत्येकी १५ मीटर अंतरावर, वेग ४० किलोमीटर. लक्ष एकाच गोष्टीकडे: स्टिअरिंग वळवल्यापासून गाडीचा मागचा भाग येईपर्यंत किती वेळ जातो. एमएक्स-५ मध्ये नाक आणि शेपूट जवळजवळ एकदमच वळतात. मसल कारमध्ये आधी नाक वळतं, मग अंग कलतं, मग मागचा भाग येतो. पहिल्या दोन शंकूंना हे जाणवतही नाही. तिसऱ्यापासून तो उशीर साठत जातो, आणि पाचव्याला तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा गाडी अजून चौथ्याचं वळण पुरं करत असते. इथे माणूस घाबरून स्टिअरिंग जास्त आणि झटक्याने फिरवतो, त्याने कलणं आणखी वाढतं. उपाय एवढाच की आधी वळवा, जोरात नाही. हा उशीर फक्त वजनामुळे येत नाही. वजन मध्यापासून किती लांब आहे तेही महत्त्वाचं. पुढच्या चाकांवर बसलेलं मोठं व्ही-८ आणि लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (मस्टँगचा सुमारे २,७२० मिलीमीटर, एमएक्स-५ चा २,३१०) यांना फिरायला जास्त जोर लागतो आणि एकदा फिरल्यावर थांबायलाही.

दुसरा, गोल. १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा आणि दुसऱ्या गिअरमध्ये त्यावर फिरत राहा. साधारण ३४ किलोमीटर वेगाला अंगावर गुरुत्वाच्या ०.६ पट बाजूचा ताण येतो, ४१ ला ०.९ पट. चांगल्या रस्त्याच्या टायरची हद्द या दुसऱ्या आकड्याच्या आसपासच असते. म्हणजे सगळा खेळ या सात किलोमीटरच्या फरकात आहे, म्हणून वेग एकेका किलोमीटरने वाढवा. पुढचे टायर कुरकुरू लागले आणि गाडी वर्तुळाच्या बाहेर सरकू लागली की वेग आणखी वाढवू नका. आता अ‍ॅक्सिलरेटर हळूच, अर्धा सोडा. हलकी गाडी लगेच नाक आत घेते. मसल कारमध्ये तेच होतं, पण एक श्वास उशिरा. मग पुन्हा स्थिर व्हा आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा जास्त द्या. एमएक्स-५ फार तर आणखी बाहेर सरकेल. व्ही-८ गाडी मागून बाहेर येऊ लागेल आणि नियंत्रणाचा पिवळा दिवा लुकलुकेल.

दोन जातींतला मुख्य फरक हाच. हलकी गाडी ब्रेक आणि सोडलेल्या अ‍ॅक्सिलरेटरने वळते, मसल कार दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरने. एलिससारखं इंजिन मध्यात असलेल्या गाडीत मात्र सावध राहा. तिथे वळणात पाय झटक्यात उचलला तर शेपूट फार वेगाने येते, सावरायला वेळ उरत नाही.

इंजिन: प्रत्येकाला त्याच्या जागी

हलक्या गाडीच्या इंजिनाला ३,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गिअर बदलून जोखणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एमएक्स-५ ची पूर्ण ताकद ७,००० ला येते. दुसऱ्या गिअरमध्ये ४,५०० ते ७,००० च्या पट्ट्यात ठेवा, मग बोला. पहिल्या पिढीच्या टोयोटा ८६ मध्ये ३,५०० ते ४,५०० च्या दरम्यान टॉर्कला (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला) खळगा आहे. तिथे गाडी गुदमरल्यासारखी वाटते. इंजिन बिघडलेलं नसतं, तिचा स्वभावच तो.

मसल कारला तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून हळूहळू दाबा. कॅमॅरो एसएसच्या ६.२ लिटर इंजिनाला ६१७ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, एमएक्स-५ ला सुमारे २०५. तिप्पट. त्यामुळे वळणाच्या मध्यावर पाय खाली आपटायचा नसतो, पिळल्यासारखा दाबायचा असतो. स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितका पाय खाली, एवढा एक नियम पाळला तरी गाडी शहाण्यासारखी वागते. आवाजावर भाळू नका. बऱ्याच नव्या गाड्या इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत वाढवून देतात. खरा आवाज ऐकायचा तर काच खाली करा.

ब्रेक

१०० किलोमीटर वेगातून थांबताना १,०५० किलोची गाडी ब्रेकमध्ये सुमारे ४०५ किलोज्यूल उष्णता ओतते, १,७५० किलोची ६७५. एकदा थांबताना हे कळत नाही, म्हणून मैदानात ८० वरून २० पर्यंत लागोपाठ दहा वेळा ब्रेक मारा. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबायला वेळ घेते, तर पॅड तापून पकड गमावताहेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलं आहे, ते जुनं असणार. दोन्हींची दवा वेगळी, म्हणून पायाने ओळखायला शिका. नंतर पाच-सात मिनिटं सावकाश चालवून ब्रेक थंड करा. लगेच हँडब्रेक ओढून गाडी लावू नका.

खरा रस्ता

वळणांचा आठ-दहा किलोमीटरचा एकच पट्टा निवडा, वेगमर्यादा पाळा. रुंदी इथे निवाडा करते. ३ मीटरच्या लेनमध्ये १,७३५ मिलीमीटर रुंद एमएक्स-५ ला सव्वा मीटर मोकळी जागा उरते, मस्टँगला १,०८५ मिलीमीटर. तेवढ्या जादा जागेत हलक्या गाडीला स्वतःची रेघ निवडता येते. ६० च्या वेगाला ती जागी असते, मसल कार त्या वेगाला पेंगते.

वळणातला एखादा उंचवटा मुद्दाम शोधा. २०१४ पर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मस्टँगना मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग एक्सल होता. एक चाक उचललं की दुसरंही तिरपं होतं आणि गाडी मागून बाजूला एक टप्पा मारते. २०१५ च्या मॉडेलपासून मागचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं आणि हा टप्पा गेला. म्हणून मस्टँगची गोष्ट निघाली की आधी साल विचारा.

लांब सरळ महामार्गावर मात्र पारडं फिरतं. मोठं इंजिन कमी आरपीएमवर गुणगुणत राहतं. हलकी गाडी बाजूच्या वाऱ्याने हलते, कापडी छत असेल तर शेजाऱ्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. दोन तासांनी कुठल्या गाडीतून उतरताना पाठ धरली नाही, तेही वहीत लिहा.

रस्ता ओला असेल तर मसल कारमध्ये पहिल्या काही किलोमीटरपर्यंत एक गिअर वरचा ठेवा. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतात, थंड असताना त्यांची पकडही कमी असते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अंगठ्याएवढा दाब जास्त झाला तरी मागची चाकं फिरून जातात.