शाळेच्या अंगणात वाद्यभिंत उभारताय? या चुका टाळा

वाद्यभिंत म्हणजे खांबांवर टांगलेले, मुलांनी ठोकून वाजवायचे धातूचे पाइप. "पाइप नुसता ठक्क वाजतो, घुमत नाही," ही शाळांची नेहमीची तक्रार. पाइप बहुतेकदा चांगलाच असतो, टांगणी चुकलेली असते. अगदी टोकाला भोक पाडून बोल्ट आवळला की कंपनं तिथेच मरतात. पाइप वाजताना त्याच्या दोन जागा जवळपास हलत नाहीत: प्रत्येक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर. म्हणजे 60 सेंमीच्या पाइपला 13.4 सेंमीवर. भोक तिथेच, त्यात रबरी बुश (भोकात बसणारी छोटी नळी), आणि टांगणी सैल. ड्रिल लावण्याआधी तीच जागा दोन बोटांत अलगद धरून मधोमध ठोका मारून बघा. नाद रेंगाळला तर खुशाल भोक पाडा.

दुसरी चूक लांबीची. पाइप निम्मा कापला की सूर एक सप्तक चढेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन सप्तकं चढतो. एकाच व्यासाच्या आणि जाडीच्या पाइपमधून भूप रागाचे सूर असे कापा: सा 60, रे 56.6, ग 53.7, प 49, ध 46.5, तार सा 42.4 सेंमी. मध्यम-निषाद वगळल्यामुळे दहा मुलं एकदम वाजवायला लागली तरी कानाला बोचत नाही. कापताना दोन-तीन मिमी जास्त ठेवा आणि कानशीने घासत सुरात आणा. जास्त कापलेल्या पाइपचा सूर परत उतरवता येत नाही.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत, म्हणजे ऐरोली, वाशी, कोपरीत, साधा लोखंडी पाइप घेऊच नका. ॲल्युमिनियम टिकतं, पण त्याला स्टीलचा बोल्ट थेट टेकला तर सांध्यापाशी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. म्हणून 316 ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आणि मध्ये नायलॉनचे वॉशर. सुतळी एका पावसाळ्यात कुजते. प्लास्टिकचं आवरण असलेली स्टेनलेस वायर वापरा.

नवी मुंबईत भरावाच्या जमिनीवर खांब हमखास कलतात. वरची सैल माती काढून घट्ट थरात किमान 60 सेंमी खोल काँक्रीट भरा. पोकळ खांबांना वरून टोपी हवी, नाहीतर आत पाणी साचून डास होतात.

दोन पाइपांमध्ये 8 ते 25 मिमीची फट ठेवू नका, बोटं अडकतात. कापलेले काठ घासून गुळगुळीत करा. ठोक्याची, म्हणजे वाजवायच्या दांडक्याची, दोरी गळ्याभोवती वळसा बसणार नाही इतकी आखूड हवी.

जागा झाडाच्या सावलीत निवडा, एप्रिलच्या उन्हात धातूला हात लावता येत नाही. आणि वर्गाच्या खिडक्यांपासून लांब. नाहीतर आवाजाच्या तक्रारी सुरू होतात आणि ठोके शिक्षकांच्या कपाटात जाऊन पडतात.