उरलेल्या गाजर-मुळ्याचं व्हिनेगरमधलं लोणचं

एक गाजर, अर्धा मुळा, फ्लॉवरचे चार तुरे. आठवड्याच्या शेवटी फ्रिजमध्ये असं काहीतरी उरतंच. भाजीला पुरत नाही आणि टाकवतही नाही. मी आता ते सरळ बरणीत भरते.

१. भाज्या धुऊन, पुसून बोटाएवढे काप करा. काचेच्या स्वच्छ बरणीत दाटीवाटीने उभे भरा. सोबत २ लसूण पाकळ्या, चिरलेली हिरवी मिरची, अर्धा चमचा मोहरी.

२. स्टीलच्या पातेल्यात १ कप पांढरं व्हिनेगर, १ कप पाणी, १ मोठा चमचा साखर आणि दीड छोटा चमचा मीठ घालून एक उकळी आणा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको.

३. दोन मिनिटं थांबून बरणीत ओता. काप पूर्ण बुडायला हवेत, वर डोकावणारा तुकडा आधी खराब होतो. गार झाल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये.

दुसऱ्या दिवशी मुळ्याचा उग्रपणा गेलेला असतो आणि गाजर दाताखाली कुरकुरीत लागतं. काकडी घालायची असेल तर पाणी पूर्ण गार करूनच ओता, नाहीतर ती लिबलिबीत होते. बिटाचा एक काप घातलात तर अख्खी बरणी गुलाबी! मुलं त्यासाठीच मुळा खातात, हा आमच्याकडचा अनुभव.

मात्र हे तेलातलं वर्षाचं लोणचं नाही. बाहेर ठेवू नका, व्हिनेगर कमी करू नका, कोरडा चमचा वापरा आणि दोन आठवड्यांत संपवा.